उन्हाळ्यात कोरडी दिसणारी भिंत आणि ‘दहा वर्षांची गॅरंटी’

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूला ज्यांच्या जुन्या वाड्याखाली तळघर आहे आणि ते वापरात आणायचा विचार चाललाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तळघराची ओल बंद करून देतो म्हणणाऱ्या एका ठेकेदाराकडे आमची तीन लाखांच्या वर रक्कम गेली. ती त्यानं कशी काढून घेतली हे कळलं तर निदान दुसऱ्या घरचे पैसे वाचतील.

आमचा वाडा दगडी, चुन्यात बांधलेला. तळघरात पूर्वी कणग्या असायच्या, आता नुसती अडगळ होती. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि तेव्हा घरात थंड जागा तेवढी एकच. म्हणून ठरवलं की तिथं तीन खोल्या करायच्या. एक मामाजींच्या खंजिरी भजनाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं ते लहानपणापासून म्हणतात, गुरुकुंज मोझरीची वारी चुकवत नाहीत. दुसरी सासूबाईंच्या गोधड्यांना, आणि तिसरीत मी गावातल्या पोरांना चित्रकला शिकवणार होते.

ठेकेदार आला तो ऐन वैशाखात. बोलणं गोड, हातात फोटोंचा अल्बम. मामाजींच्या पाया पडला आणि म्हणाला, “काकाजी, दहा वर्षं पाण्याचा एक थेंब दिसला तर माह्या दारात येऊन बसा.” मग त्यानं खिशातून ओल मोजायचा एक मीटर काढला, त्याच्या दोन सुया भिंतीत टोचल्या आणि मोठा आकडा दाखवला. शेजारी हातभर जागेवर ‘केमिकल’ लावलं. दुसऱ्या दिवशी तिथंच सुया टोचल्या, तर आकडा एकदम खाली. घरातले सगळे उभे राहून बघत होते.

या मीटरबद्दल मला नंतर कळलं ते आधी सांगते. सुयांचा मीटर दोन टोकांमधला विजेचा अडथळा मोजतो आणि त्यातले आकडे मुख्यतः लाकडासाठी ठरवलेले असतात. दगड-चुन्याच्या भिंतीवर तो फार तर तुलना दाखवतो. भिंतीत खार असेल तर आकडा उगाच फुगतो, आणि वर रंगाचा कोरडा थर चढवला की सुया त्या थरातच अडकतात. म्हणजे त्यानं मोजलं ते स्वतःचं केमिकल, आमची भिंत नव्हे.

आणि वैशाखातच का आला? आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात आकसून फाटते. उन्हाळ्यात भूजल खाली गेलेलं असतं, भिंती वरून कोरड्या असतात, तेव्हा कुठलंही केमिकल यशस्वी दिसतं. मृगाचा पहिला जोराचा पाऊस त्याच भेगांतून थेट पायापर्यंत उतरतो. पुढं माती फुगली की ते पाणी भिंतीला चिकटून बसतं. त्यात आपला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट. हे पाणी भिंतीतून झिरपताना क्षार घेऊन येतं. आतल्या बाजूला पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक मागं राहून रंग, पुट्टी, गिलावा सगळं ढकलून देतात. ठेकेदाराला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. काम संपवून शेवटचा हप्ता घेऊन तो रोहिणी नक्षत्रातच गेला.

बिल मागितलं तेव्हा म्हणाला, “बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागेल, वहिनी. घरचंच काम हाये, कायले पैसे वाया घालता?” लेटरहेडवर गॅरंटी लिहून दिली, त्यात जीएसटी क्रमांक नाही आणि खालच्या ओळीत बारीक अक्षरात ‘भूजलामुळे होणारी ओल वगळून’. तळघराच्या गॅरंटीतून भूजल वगळल्यावर उरतं काय?

पोळ्याच्या आधीच त्यानं भिंतीवर लावलेल्या जिप्समच्या पॅनलखाली पांढरा खार फुटला. खंजिरीचं कातडं सैल पडून आवाज बसला, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकायला लागल्या. सासूबाईंनी लग्नाच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी बुरशीनं काळी पडली, तिचा मला सगळ्यात जास्त राग आहे. फोन केला तर ठेकेदाराचं उत्तर तयार: “हा भिंतीचा घाम हाये, हवा खेळती ठेवा.” पुढं फोनच उचलेना.

घाम की ओल, हे घरच्या घरी तपासता येतं. उघड्या भिंतीवर जाड प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवायचा आणि एक दिवस ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतला दमटपणा. आमच्याकडे भिंतीकडची बाजू चिंब होती.

मग गावातल्या जुन्या गवंड्याला बोलावून पॅनल काढला. मागं वॉटरप्रूफिंगच्या नावानं साध्या रंगाचा एक हात, बस्स. पाण्यात टिकणारं मरीन प्लाय म्हणून लावलेले तक्ते पाणी पिऊन पापुद्र्यांत सुटले होते. तक्त्यावर ‘आयएस ७१०’ छापलेलं होतं, मरीन प्लायचं मानक तेच आहे, पण आयएसआय चिन्हाखाली जो ‘सीएम/एल’ परवाना क्रमांक असायला पाहिजे तो नव्हता. हा क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून खरा-खोटा पाहता येतो. तक्ता भिंतीला लागण्याआधी पाहा, नंतर तो उलटून कोण बघणार?

जिवावर बेतणारी गोष्ट वेगळीच होती. ओल्या भिंतीतून वायरिंग नेलं होतं आणि आरसीसीबी लावलाच नव्हता. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विजेची गळती होताच पुरवठा तोडतो. त्याच तळघरात मी गावातली पोरं बसवणार होते. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

बिल नव्हतं तरी यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, लेटरहेड आणि फुटलेल्या भिंतीचे फोटो होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘बिल नाही, आता काय होणार’ म्हणून गप्प बसलेल्या घरांना हे मुद्दाम सांगते.

कोणी असं काम करून देतो म्हटलं तर मोठा हप्ता एक पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवा आणि ते कागदावर लिहून घ्या. ज्याला स्वतःच्या कामाची खात्री आहे तो मान्य करेल. आमच्या माणसाला शेवटच्या हप्त्याची एवढी घाई का होती, ते आता कळतं.

आमच्या गवंड्यानं आतून ओल अडवणारं काहीच लावू नका असं सांगितलं. छताच्या पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडत होत्या, त्या पन्हाळ लावून लांब नेल्या. न्हाणीचं पाणी वळवलं, भिंतीलगतची काळी माती काढून मुरूम भरला आणि अंगणाला बाहेरच्या बाजूनं उतार दिला. सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला, म्हणजे भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहते. वरच्या झरोक्यात एक्झॉस्ट बसवलाय. आयोगातली तारीख अजून बाकी आहे, आणि खोल्यांचं सामान आम्ही पुढच्या दिवाळीनंतरच खाली नेणार आहोत.