ओटीपी कुणालाही दिला नाही, तरी ४३,५०० रुपये गेले

नणंदेचे २०,०००, भाच्याचे १५,००० आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे ८,५००. माझ्या नावावर लोकांकडून ४३,५०० रुपये उकळले गेले आणि मी कुणालाही ओटीपी सांगितलेला नाही. हे आधीच लिहिते, कारण ज्याला सांगावं तो पहिल्यांदा तेच विचारतो, "कोड दिलात ना?" नाही दिला!

एसटी स्टँडवर कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई आली. "काकू, माझा फोन बंद पडलाय, ह्यांना एक फोन लावू द्या." पोर रडत होतं. अशा बाईला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? मी फोन उघडून दिला. तिनं नंबर दाबला, कानाला लावला, "लागत नाही" म्हणून परत केला.

पण तो नंबर स्टारनं सुरू झाला होता. मग २१, पुन्हा स्टार, शेवटी हॅश. मी शेजारी उभी राहून बघत होते! नवऱ्याच्या नंबरात स्टार आणि हॅश कशाला येतील? स्क्रीनवर एक इंग्रजी चौकट आली, ती तिनं अंगठ्यानं झटकन घालवली आणि त्यानंतर फोन कानाला लावला. त्या क्षणी हातातून फोन ओढून घ्यायला हवा होता. रात्री झोपताना अजून तो अंगठाच दिसतो.

तो नवऱ्याचा नंबर नव्हताच, कॉल दुसरीकडे वळवायचा, म्हणजे फॉरवर्डिंगचा कोड होता. माझे कॉल त्या ठगांच्या नंबरवर वळले. माझं व्हॉट्सॲप त्यांच्या फोनवर उघडायला लागणारा कोड त्यांनी कॉलवर मागवला, तो कॉल त्यांच्याकडेच वाजला. मेसेजमधून आलेला कोड माझ्याकडे तसाच पडून होता. मग माझ्या फोटोखाली सगळ्यांना निरोप: "दवाखान्यात आहे, अर्जंट पाठव." नणंद काही भोळी नाही. तिनं खात्रीसाठी मला फोन लावला, तर कुणी बाई म्हणाली, "त्या आत आहेत, बोलू शकत नाहीत." आता सांगा, तिनं आणखी काय करायला हवं होतं?

##००२# आत्ता डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन, म्हणजे कोडशिवाय वेगळा मागितला जाणारा आपला स्वतःचा पिन, आजच लावा.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "तुमचे पैसे गेलेच नाहीत, ज्यांचे गेले त्यांना पाठवा." नणंद तिच्या गावच्या ठाण्यात गेली, तर तिथं उत्तर, "व्हॉट्सॲप जिचं गेलं तिनं तिच्या हद्दीत तक्रार द्यावी." १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द न बघता गुन्हा नोंदवा असं स्पष्ट लिहिलंय. ते दाखवलं तर साहेब म्हणाले, "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. मी खुर्चीवरून उठलेच नाही, तेव्हा कुठे शिक्का मारला. तुम्हीही उठू नका. बँकेचं एकच पालुपद, "पैसे पाठवताना पिन त्यांनी स्वतःच टाकलाय."

कुणाला फोन हवाच असेल, तर नंबर तोंडी विचारा, स्वतः लावा, स्पीकरवर बोलू द्या. हातात देऊ नका, मूल रडत असलं तरी.

भाच्यानं लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला म्हणून त्याचे ६,२०० रुपये समोरच्या खात्यात गोठले. ते सोडवायला आता कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. कुणाच्या आदेशानं गेले होते ते?