डॉट इन डोमेन : अंबडच्या गाळ्यातून

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं जिग-फिक्स्चरचं, म्हणजे काम करताना भाग पक्का धरून ठेवणाऱ्या साधनांचं, छोटं युनिट आहे. आमच्याकडे वेबसाइट बघून कुणी येत नाही. कुणीतरी व्हॉट्सॲपवर लोकेशन टाकतं आणि माणूस ड्रॉइंग घेऊन थेट गाळ्यात. तरी डोमेन, म्हणजे नेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घेतलं, ते मेलसाठी. मोठ्या कंपनीत व्हेंडर कोड काढायचा, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद करायची, तर परचेसवाले आधी मेल आयडी बघतात. जीमेलवरून गेलेल्या कोटेशनला पोचसुद्धा येत नसे, फर्मच्या नावाने गेलं की निदान ‘रेट कमी करा’ असं तरी येतं.

नाव ठरवताना घाम निघाला. डॉट कॉम आधीच कुणीतरी अडवून ठेवलेलं, म्हणून डॉट इन. नावात ‘नाशिक’ मुद्दाम घातलं नाही : जिल्ह्याची सरकारी साइट एसएच लावते, रेल्वे ‘नासिक रोड’ म्हणत नुसत्या एसवर भागवते. गिऱ्हाईक काय टाइप करेल, देव जाणे. डॅशही नको, समोरचा हमखास अंडरस्कोर घालतो. शेवटी प्रेस मशीनचा आवाज चालू असताना ट्रान्सपोर्टवाल्याला फोनवर नावं सांगितली. त्याने जे पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलं ते घेतलं.

देवनागरीतलं डॉट भारत 2014 पासून मिळतं. मोह झाला होता, पण कित्येक व्हेंडर फॉर्म तसला मेल आयडी घेतच नाहीत. पाटीवर शोभेल, धंद्याला अडेल.

डोमेनच्या शेवटी येणाऱ्या शब्दाला वजन आहेच. रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत देऊन बँकांना डॉट बँक डॉट इनवर आणलं, कारण ते बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. साधं डॉट इन मात्र कुणीही घेऊ शकतो, त्यामुळे त्यावर भाळू नका.

ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिला पाचपैकी दोन तारे. पॅनेल सोपं, जीएसटी नंबरचं बिल लगेच येतं. पण पहिल्या वर्षाचा भाव गोड आणि रिन्यूअलला चौपट, वर 18 टक्के जीएसटी वेगळा. न मागता कार्टमध्ये घुसवलेल्या गोष्टी काढत बसायच्या. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायला लागणारा ऑथ कोड मागितला तर कोडऐवजी सवलतीचं कूपन आलं! पुढच्या रिन्यूअलआधी दुसरीकडे हलवतोय.

घेताना रजिस्ट्रंटच्या, म्हणजे डोमेनधारकाच्या, रकान्यात नाव कुणाचं पडतंय ते तेवढं बघा. शेजारच्या गाळ्याचं डोमेन वेबसाइट करणाऱ्या पोराच्या नावावर आहे, आणि तो आता फोन उचलत नाही.