गरब्याच्या पासचे पैसे गेले, रिफंडच्या नावाखाली त्याहून जास्त गेले

बडोद्यात नवरात्र आली की पाससाठी कशी पळापळ होते ते इथल्या सगळ्यांना माहितीये, म्हणून हे आधीच लिहून टाकते. गेल्या वर्षी माझी पुण्याची भाची तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन खास गरबा खेळायला आली होती, मंगळबाजारातून चणियाचोळ्या घेऊन झाल्या पण अष्टमीचे पास काही मिळेनात, काउंटरवर संपलेले. तेवढ्यात आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड आला, घरी अडचण आल्यामुळे चार पास द्यायचे आहेत, एकाचे ७०० रुपये. ग्रुप ओळखीचा म्हणून माणूसही कुणाच्या तरी ओळखीचा असणार असं मी धरून चालले. टाकणाऱ्या ताईंना नंतर विचारलं तर त्यांनाही तो दुसऱ्याच ग्रुपवरून आलेला.

फोन केला तर छान गुजरातीत बेन बेन करत बोलला, विश्वास बसावा म्हणून स्वतःचं आधार पाठवलं आणि गेटवर विचारतात असं सांगून चारही मुलींचे आधारचे फोटो मागून घेतले. २८०० रुपये यूपीआयने भरताना स्क्रीनवर भलतंच नाव आलं, आधारवरचं नाहीच. मी विचारलं तर म्हणाला, बनेवीचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं खातं आहे. तिथेच थांबायला हवं होतं, कारण पैसे भरायच्या आधी जे नाव दिसतं ते बँकेतल्या खात्याचं असतं आणि आपल्याला पडताळून बघायला हातात तेवढंच असतं.

पास पीडीएफमध्ये आले, क्यूआर वगैरे सगळं बरोबर. रात्री गेटवर पोरींनी मोबाईल दाखवला तर मशीनवर आलं, पास आधीच वापरलेला आहे. बाजूला अजून काही मुली तसेच उभ्या होत्या, त्यांच्याकडेही आमचेच नंबर. म्हणजे पास खरे होते पण तेच किती जणांना विकले कोण जाणे, आणि जो पहिला पोचला तो आत गेला. गेटवरचा माणूस म्हणाला की लोक आपल्या पासचा फोटो स्टेटसला टाकतात, त्यातला क्यूआरसुद्धा उचलून विकतात.

मुली नटूनथटून रस्त्यावर रडत उभ्या, आतून ढोलाचा आवाज येतोय, मला इतका संताप आला की मी तिथूनच त्याला फोन लावला. आणि त्याने उचलला. इथे सगळ्यांनी नीट वाचा कारण माझं खरं नुकसान इथून पुढे झालं. तो म्हणाला, बेन सॉरी, चूक झाली, आत्ताच्या आत्ता रिफंड करतो, क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा. स्कॅन केला तर २८०० आकडा आधीच भरलेला आणि खाली रिफंड असं लिहिलेलं, म्हणून मी पिन टाकला. पैसे कापले गेले. तो म्हणे उलटं गेलं, सर्व्हरचा प्रॉब्लेम, आता दोन्ही मिळून ५६०० चा पाठवतो म्हणजे एकदमच येतील. गर्दी, आवाज, पोरी रडतायत, मी परत पिन टाकला. एकूण ११,२०० गेले.

क्यूआरमध्ये रक्कम आणि तो रिफंड शब्द, दोन्ही बनवणाराच भरून ठेवतो. पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅन करावं लागत नाही, काहीही करावं लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच.

दुसरी चूक म्हणजे लाजेपायी रात्रभर गप्प राहिले, घरी यांनाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाने ऐकल्यावर १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावून दिला. तिथे बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर विचारतात, तो ॲपच्या हिस्टरीत असतो, आधीच लिहून ठेवा. मग तक्रारीचा नंबर मिळतो आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे जे शिल्लक असेल ते अडकवून ठेवतात. आमचे १५०० अडकले, बाकी तोवर पुढच्या खात्यांत जाऊन काढूनही झाले होते. रात्री गेटवरूनच त्याच्याऐवजी १९३० ला फोन केला असता तर बरेच वाचले असते. फोन लागला नाही तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, पण त्याच तासात टाका.

पोलिसांनी सांगितलं की त्याने पाठवलेलं आधार त्याचं नसणारच, आधी फसलेल्या कुणाचं तरी असणार. तेव्हापासून मला पैशांपेक्षा त्याचीच जास्त काळजी लागून राहिलीये, कारण आता माझ्या भाचीचं आणि त्या तीन मुलींचंही आधार त्याच्याकडे आहे. भाचीला तेव्हाच आधार लॉक करायला लावलं. पण ह्या नवरात्रात कुणी पास विकताना पुण्याच्या पत्त्याचं एखाद्या कॉलेजच्या मुलीचं आधार पाठवलं तर प्लीज पैसे भरू नका, आणि त्या मुलीला चोर म्हणून तिचा फोटो ग्रुपवर फिरवूही नका.