सील बदलल्याचं बिल, आणि फोर्क उघडलेलाच नाही

भाच्याच्या सायकलच्या फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, सर्व्हिसचं हे बिल. त्यावर चार ओळी होत्या: फोर्क फुल सर्व्हिस, सील किट ३५ एमएम, डॅम्पर ऑइल, लेबर. एकूण ३,८०० रुपये. यातलं एकही काम झालेलं नव्हतं. ते उघडकीला आलं तोवर माझ्या भाच्याच्या डाव्या मनगटाला प्लास्टर लागलं होतं. साताऱ्यातून माउंटन बाइक घेऊन कासला, ठोसेघरला, चाळकेवाडीच्या पठारावर जाणारी पोरं आता पुष्कळ झाली आहेत. त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी फोर्कबद्दल थोडं, कारण ही फसवणूक जमते ती आतलं काम दिसत नाही म्हणून. पुढच्या शॉकअपच्या दोन चकचकीत नळ्या आपल्याला दिसतात, त्यांना स्टँशन म्हणतात. त्या खालच्या जाड पायांत सरकतात. पायांच्या तोंडाशी रबरी सील असतं आणि त्याखाली तेलात भिजवलेली फोमची रिंग. पायांच्या तळाशी तेल असतं ते काही मिलिलिटरच, पण नळ्यांचं आयुष्य त्यावरच अवलंबून असतं. एअर फोर्कमध्ये एका बाजूला हवेची स्प्रिंग असते. दुसऱ्या बाजूला डॅम्पर असतो. दबलेला फोर्क किती वेगाने परत वर यायचा, हे तो ठरवतो. रॉकशॉक्स कंपनी आपल्या बऱ्याच फोर्कसाठी खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांच्या रायडिंगनंतर करायला सांगते. फॉक्सचं म्हणणं १२५ तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पावसाळ्यात कासच्या तांबड्या चिखलातून सायकल जात असेल तर एवढी वाट पाहूच नये.

भाच्याचा फोर्क पावसाळ्यानंतर अडखळायला लागला होता, म्हणून सर्व्हिसला दिला. दुकान गावातलंच, बाहेर मोठ्या ब्रँडचे बोर्ड. दोन दिवसांनी सायकल परत मिळाली तेव्हा नळ्या लख्ख होत्या. दुकानदाराने हँडल दाबून दाखवलं, "बघा साहेब, लोण्यासारखा चालतोय." खरंच चालत होता. नळ्यांवर सिलिकॉनचा स्प्रे मारला की कोरडा फोर्कसुद्धा दोन-चार दिवस असाच चालतो, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर यवतेश्वर घाट उतरताना एका वळणावर डांबर उखडलेल्या पट्ट्यावरून भाच्याचं पुढचं चाक उडत गेलं आणि तो पडला. हेल्मेट होतं, मागून गाडी येत नव्हती. "मामा, चाक जमिनीला टेकतच नव्हतं, ब्रेक धरून काय करणार," एवढंच तो म्हणाला. घरी शॉक पंप, म्हणजे फोर्कमध्ये हवा भरायचा काटा असलेला पंप, लावून पाहिला. त्याच्या वजनाला फोर्कच्या पायावर छापलेल्या तक्त्याप्रमाणे ७० पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा पुरते, पंपाचा काटा १२० च्या पुढे गेला. फोर्क कडक लागावा, ढिला पडल्याचं कळू नये, म्हणून हवा ठासून भरली होती. असा फोर्क खड्ड्यात दबत नाही, चाकाला वर फेकतो.

मग फोर्क काढून पुण्याला एका जाणत्या मेकॅनिककडे नेला. त्याने काही न उघडता फोर्क उलटा धरला आणि पायाच्या तळाचा बोल्ट मला दाखवला. एलन की बसते त्या षटकोनी खाचेत तांबडी माती ठेचून बसलेली होती. टोकदार सळईने त्याने ती खरवडली, तर खाली गंज. "दादा, पाय काढायचे तर चावी इथेच घालावी लागते. इथे चावी गेलेलीच नाही." मग त्याने व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने, नळी मोजली. ३२ मिलिमीटर. ३५ चं सील ३२ च्या नळीवर बसूच शकत नाही. म्हणजे बिल लिहिताना फोर्ककडे नीट पाहण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते.

हवा पूर्ण सोडून त्याने पाय ओढून काढले. तळाशी तेलाऐवजी चमचाभर करडा गाळ, फोम कोरडे, आणि एका स्टँशनवर बोटभर लांबीची उभी रेघ. तिथलं कोटिंग खरवडून गेलं होतं. नख फिरवलं की अडकत होतं. सील नवीन घातलं तरी अशा रेघेतून तेल गळत राहतं आणि धूळ आत जात राहते. नळ्यांसकट फोर्कचा वरचा अख्खा भाग बदलायचा तर जवळपास नव्या फोर्कएवढा खर्च. सर्व्हिस खरंच झाली असती तर ती रेघ तेव्हाच लक्षात आली असती, कदाचित इतकी खोल गेलीही नसती. मला याचाच जास्त राग आहे. ३,८०० रुपये गेले ते गेले, पण चोख काम झालंय या भरवशावर पोरगं घाट उतरलं.

दुकानदाराला फोटो दाखवले तर आधी म्हणाला, "आमचा मुलगा नवीन होता." मग म्हणाला, "फुल सर्व्हिस म्हणजे बाहेरूनच असते." डॅम्पर ऑइल बाहेरून कसं बदलतात, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

फोर्क देणार असाल तर देतानाच सांगून ठेवा: जुनी सीलं आणि फोम परत हवेत, पाय काढल्यावरचा फोटो हवा, बिलावर फोर्कचं मॉडेल आणि नळीचा व्यास लिहून हवा. देण्यापूर्वी तळाच्या दोन्ही बोल्टचा जवळून फोटो काढा. परत घेताना फोर्कच्या पायाखालचा रिबाउंडचा, म्हणजे परत वर येण्याचा वेग ठरवणारा, नॉब, बहुतेक लाल असतो, एका टोकाला फिरवून हँडल दाबून सोडा, मग दुसऱ्या टोकाला फिरवून तेच करा. परत येण्याचा वेग स्पष्ट बदलला पाहिजे. दोन्हीकडे सारखाच धाडकन वर येत असेल तर डॅम्पर काम करत नाही. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवा. खटखट लागली तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) ढिला आहे किंवा फोर्कचे बुश (नळ्या ज्यांत सरकतात त्या आतल्या कड्या) झिजलेत. मग सॅग बघा, म्हणजे नुसतं बसल्यावर फोर्क किती दबतो ते. नळीवरची रबरी रिंग सीलपर्यंत खाली सरकवा, सायकलवर नेहमीच्या पवित्र्यात हळूच बसा आणि न उसळता उतरा. १०० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणाऱ्या, फोर्कमध्ये रिंग साधारण १५ ते २५ मिलिमीटर सरकलेली असावी. भाच्याच्या फोर्कमध्ये ती जेमतेम सरकली असती.

घरी नळ्या मऊ फडक्याने पुसा. सीलवर प्रेशर वॉशर मारू नका. हवा भरलेला फोर्क स्वतः खोलायला तर मुळीच जाऊ नका, आतला दाब हात फोडू शकतो.

दुकानदाराने लेखी नोटिशीनंतर बिलाचे पैसे परत दिले, नळ्यांचं नुकसान मात्र नाकारलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. बिल, व्हर्नियरचा फोटो आणि मातीने भरलेल्या बोल्टचा व्हिडिओ जोडले आहेत. तुमच्याकडे असंच बिल असेल तर दुसरीकडे फोर्क उघडताना पहिला बोल्ट सुटण्याआधीपासून चित्रीकरण करा. खाच साफ झाली की तो पुरावा संपतो.