फोन आला की नकाशा जातो: स्पोर्ट्स गाडीतल्या कंपनी-फिटेड नेव्हिगेशनचा अनुभव

या गाडीच्या इंजिनाबद्दल, गिअरबॉक्सबद्दल आणि स्टिअरिंगबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक कौतुक रास्त आहे, म्हणून मी त्यात भर घालत नाही. हा अनुभव डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेल्या त्या एका स्क्रीनचा आहे, जिच्यावर नकाशा, फोन, गाणी आणि घड्याळ असे सगळेच अवलंबून आहे. दोन दरवाज्यांची, कापडी छताची, २०१२ सालची ही गाडी मी पुण्यातून जुनी घेतली. परतीच्या पावसात ती स्क्रीन एकाएकी बंद पडली आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरने पूर्ण युनिट बदलण्याचा चार लाखांच्या वरचा अंदाज हातात ठेवला, तेव्हापासून हे लिहायचे मनात होते.

पण सर्वांत मोठी तक्रार त्या बिघाडाची नाही. सगळे सुरळीत चालू असतानाही जी गोष्ट मला सतत छळत आली, ती अशी की फोन आला की नकाशा जातो. माझा टॉवेलचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे आणि पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांचे फोन मी रस्त्यात असतानाच येतात. फोन वाजताक्षणी संपूर्ण स्क्रीनवर फोन करणाऱ्याचा नंबर पसरतो, वळणाचा बाण नाहीसा होतो आणि रस्ता सांगणारा आवाजही बोलणे संपेपर्यंत मुका होतो. हडपसरला उड्डाणपुलावर चढायचे की खालच्या रस्त्याने जायचे हे ठरवायला जेमतेम काही सेकंद असतात, मागून एसटी आणि ट्रक अंगावर येत असतात, आणि नेमक्या त्या वेळी समोर फक्त दहा आकडे दिसतात. नकाशा परत आणायचा तर गोल बटण दाबून मेनूत शिरावे लागते, तिथे दुसरा पर्याय निवडावा लागतो आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावरून काढावी लागते. वरच्या कोपऱ्यात नंबराची एक पट्टी दाखवून नकाशा तसाच ठेवणे अवघड नव्हते. ज्या कंपनीने ब्रेकच्या पेडलची प्रत्येक हालचाल पायाला नेमकी जाणवेल अशी घडवली, तिने हे एवढे साधे काम सोडून द्यावे याचा मला मनापासून राग येतो.

फोन हातात घेऊन बोलणे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने हातातले उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येते, बोलण्यासाठी नाही. म्हणजे बोलणे गाडीच्या ब्लूटूथवरूनच व्हायला हवे, आणि इथे ते ब्लूटूथच धड नाही. गाडी सुरू केली की प्रत्येक वेळी फोनमधली नावे नव्याने उतरवून घेतली जातात आणि माझी यादी व्यापाऱ्याची असल्यामुळे त्यात बराच वेळ जातो; तोवर येणारा प्रत्येक फोन अनोळखी असतो. यादी उतरल्यावरही मराठीत साठवलेली नावे उमटत नाहीत, कारण या स्क्रीनच्या अक्षरसंचात देवनागरी नाहीच. ‘आई’ असे साठवलेल्या नावाच्या जागी दोन रिकामे चौकोन दिसतात आणि खाली नंबर असतो. त्यात कापडी छत आणि रुंद टायर. ताशी शंभरच्या पुढे गेल्यावर पलीकडच्याला माझ्या बोलण्याऐवजी घरघर ऐकू येते, कारण माइक छताच्या दिव्याजवळ, वाऱ्याचा आवाज सर्वांत जास्त असतो तिथेच बसवला आहे.

बाकीची सोयही त्या काळातच थांबलेली आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यातली आयफोनची वायर तीस पिनांची आहे, आणि तो सॉकेट आयफोनने २०१२ मध्येच सोडला. २०२३ पासून तर तिथे टाइप-सी आले. सिमकार्डासाठी स्वतंत्र खाच आहे, पण ती जुन्या मोबाइल नेटवर्कसाठी बनवलेली असल्यामुळे, थेट ४जीवरच सुरू झालेल्या जिओचे सिम तिथे चालत नाही. फोनवरचा नकाशा आणि कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयींपैकी आयफोनसाठीचे कारप्ले २०१४ मध्ये आणि अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये आले, म्हणजे माझी गाडी थोडक्यात हुकली. साध्या गाडीत जुना सेट काढून बाजारातला नवा बसवता येतो. या गाडीत एसीची, दिव्यांची आणि सर्व्हिसच्या सूचनांची मांडणीही त्याच स्क्रीनमध्ये असल्यामुळे ती काढताच येत नाही. वीस वर्षे टिकेल असे इंजिन आणि तीन वर्षांत जुना होणारा फोन यांची अशी गाठ कंपनीने मारायलाच नको होती.

नकाशाचेही तसेच आहे. तो गाडीतल्या हार्ड डिस्कवर आहे आणि या मॉडेलसाठी नवी आवृत्ती निघणे बंद झाले आहे. सोलापूरच्या केगाव-हत्तूर बाह्यवळणावर गाडी गुळगुळीत रस्त्यावरून धावत असते आणि स्क्रीनवरचा बाण कोऱ्या, फिकट जागेतून सरकत असतो, तिथे रस्ता म्हणून एक रेघही नसते. मध्येच तो उडी मारून जवळच्या जुन्या रस्त्याला चिकटतो आणि मागे वळायला सांगतो. धाराशिव शोधायला जावे तर तिथे अजून उस्मानाबादच आहे. तारीखही एकोणीस वर्षांहून अधिक मागे गेली आहे. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत मावतो, तो १०२३ नंतर पुन्हा शून्यावर येतो. हा फेरा ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये पूर्ण झाला, आणि काही जुनी यंत्रे आपल्या आतल्या मोजणीप्रमाणे त्यानंतर केव्हातरी घसरतात. एका सॉफ्टवेअर अपडेटचे हे काम, पण ते करून द्यायला कोणी तयार नाही.

आता बिघाडाकडे येतो. गाडी कारखान्यात लिंबाच्या झाडाखाली उभी असते. वर्षभराची धूळ आणि लिंबाचा पाला कापडी छताच्या कडेला पाणी वाहून नेणाऱ्या ड्रेनमध्ये साचला, सोलापुरात पाऊस मोजकाच असल्यामुळे ते कळायला मार्ग नव्हता, आणि परतीच्या पावसाने एका रात्रीत जोर धरला तेव्हा पाणी आत झिरपून डावीकडच्या सीटखाली गेले. सकाळी नकाशा, फोन, रेडिओ असे सगळे एकाच वेळी मुके झाले होते. सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक लावून ‘युनिट संपर्कात नाही’ एवढे वाचले गेले आणि त्यावरून युनिट बदलायचे ठरवून अंदाज काढला गेला. सीट काढून पाहण्याची विनंती मी केली होती, ती मानली गेली नाही.

सोलापुरातल्या एका वायरिंग मिस्त्रींनी सीट काढली, ओला गालिचा उचलला आणि टॉर्च धरून म्हणाले, “मालक, सेट चांगलाय, मधी रिंग तुटलीय.” या गाड्यांत स्क्रीन, अॅम्प्लिफायर आणि फोनचे मॉड्यूल हे सगळे मोस्ट (MOST) नावाच्या पद्धतीच्या प्रकाशतंतूच्या एका वर्तुळात जोडलेले असतात, प्रकाश एकातून दुसऱ्यात फिरतो आणि एक दुवा मेला की सगळी साखळी बंद पडते. त्यांनी सीटखालच्या अॅम्प्लिफायरचा प्लग काढून त्या जागी प्रकाश तसाच पुढे सोडणारा छोटा लूप बसवला आणि स्क्रीन उजळली. आवाज अर्थातच नव्हता. अॅम्प्लिफायर उघडल्यावर त्याच्या पिनांवर हिरवट थर दिसला, तो साफ करून आणि दोन सांधे नव्याने डाग देऊन त्यांनी तो परत बसवला. दहा हजारांच्या आत सगळे काम झाले. चार लाखांचा कागद मी जपून ठेवला आहे.

दुरुस्तीनंतर माझे मत काही बाबतींत बदलले, आणि ते लिहिणे उचित आहे. गाडी कुठे आहे हे ओळखण्यात ही यंत्रणा फोनच्या कितीतरी पुढे आहे. उपग्रहांवरून जागा ठरवायला फोनला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. ही यंत्रणा चाकांच्या वेगाची आणि गाडी किती वळली हे ओळखणाऱ्या जायरोस्कोपची नोंदही जोडीला घेते, म्हणून द्रुतगती मार्गाच्या बोगद्यांत फोनवरचा ठिपका अडखळतो आणि हिचा बाण सरळ पुढे जात राहतो. उन्हाळ्यात तर फरक अधिक जाणवला. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, सोलापूरचा एप्रिल-मे चाळीस ओलांडतो आणि काचेखाली ठेवलेला फोन तापल्याचा इशारा देऊन बंद होतो. त्याच उन्हात गाडीची स्क्रीन एकदाही अडली नाही. यंत्र उत्तम आहे. त्यावरचा नकाशा आणि फोनची मांडणी तेवढी वाईट आहे.

म्हणून स्क्रीन न बदलता, तिच्या मागे कारप्लेचा डबा बसवून घेतला. वायरिंग आणि वेगळा माइक धरून तीस हजारांच्या आत भागले. फोन आता खिशात किंवा कप्प्यात सावलीत राहतो, नावे मराठीत उमटतात आणि माइक सनव्हायझरच्या मुळाशी लावल्यामुळे पलीकडच्याला शब्द कळतात. फोन आला तरी नकाशा जागेवर राहतो, आणि केवळ या एका गोष्टीसाठी मी तो खर्च पुन्हा केला असता. एक उणीव राहिली आहे: स्टिअरिंगवरचे फोनचे बटण दाबले की कंपनीचाच जुना मेनू नकाशावर येऊन बसतो. त्या बटणाला नवे काम देता येते का हे मिस्त्री पाहत आहेत.

जुनी कापडी छताची गाडी पाहायला जाणाऱ्यांनी डावीकडच्या सीटखाली हात घालून गालिचा दमट आहे का हे आधी पाहावे, आणि चाचणीच्या फेरीत नकाशा लावून सोबतच्या माणसाला फोन करायला सांगावा. सर्व्हिस सेंटरला मी लेखी विचारले आहे की रिंग न तपासता युनिट बदलण्याचा अंदाज कशाच्या आधारावर दिला. उत्तर अजून आलेले नाही; आले की इथेच जोडीन.