फूटपाथवर शूटिंग: हातातला कॅमेरा की ट्रायपॉड?

हातात कॅमेरा, सोबत दोघं-तिघं आणि रहदारीला अडथळा नाही, एवढंच असेल तर बऱ्याच शहरांत साधा अर्ज पुरतो. काही ठिकाणी तोही लागत नाही. ट्रायपॉड टेकवला, लाइट उभा केला किंवा केबल पसरली की मात्र बहुतेकदा रीतसर परवाना लागतो. त्यासाठी जागेचा नकाशा, तारीख-वेळ, माणसांची संख्या, गाड्यांचे नंबर आणि अनेकदा विम्याचं प्रमाणपत्रही मागतात. अर्ज अडतो तो नकाशावर: कॅमेरा दाखवलेला असतो, जनरेटरची गाडी कुठे लावणार ते राहून जातं. पावसासाठी राखीव तारीख त्याच अर्जात लिहा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. संवाद नसलेल्या, फिरत्या दृश्यांना पहिलाच, हातातल्या कॅमेऱ्याचा मार्ग बरा. दुकानाच्या पायरीवर चढलात तर मालकाची लेखी संमती दोन्ही मार्गांत लागते.