इन्स्टंट गिझर घ्यायचाय? लिटर नव्हे, किलोवॉट बघा

'इन्स्टंट' म्हणून विकला जाणारा तीन लिटरचा, तीन किलोवॉटचा विजेचा गिझर स्वयंपाकघरातल्या सिंकसाठी छान आहे. आंघोळीला मात्र तो कमी पडतो आणि ब्रँड बदलून त्यात फरक पडत नाही. तीन किलोवॉटमध्ये मिनिटाला एक लिटर पाणी 43 अंशांनी तापतं. गच्चीतल्या टाकीतलं पाणी 20 अंशांचं असेल आणि आंघोळीला 40 अंशांचं हवं असेल, तर मिनिटाला मिळतात दोन लिटरच्या जरा वर. वीस लिटरची बादली भरायला नऊ मिनिटं, वीज साधारण अर्धा युनिट. शॉवरचं तर नावच नको. नळ पूर्ण सोडला की आतलं साठलेलं पाणी कडकडीत येतं, मग एकदम कोमट. 'गिझर बिघडला' ही तक्रार बऱ्याचदा एवढीच असते.

सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गिझर पाण्याला दहा किलोवॉटच्या आसपास उष्णता देतो. तीच बादली साडेतीन मिनिटांत भरते आणि 14.2 किलोच्या सिलिंडरवर हिशेबाने तीनशेच्या आसपास बादल्या निघतात. चारजणांच्या घरात, सकाळी एकामागून एक आंघोळी असतील, तर आमची पसंती यालाच. पण तो बाथरूममध्ये लावायचा नाही. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. एक्झॉस्ट फॅन आहे, ही सबब चालत नाही. गिझर ड्राय बाल्कनीत किंवा उघड्या डक्टमध्ये, बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याची पाइप.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी पाण्याचा जोर बघा. गच्चीतली टाकी डोक्यावर जेमतेम दोन मीटरवर असेल तर पाण्याच्या जोराने गॅस सुरू करणारा आतला पडदा पुरेसा दाबला जात नाही आणि गिझर पेटतच नाही. गरम नळ बारीक केला की ज्योत विझते, तेही त्याचमुळे. म्हणून पाणी कोमट हवं असेल तर गॅसचा नॉब कमी करायचा, नळ नाही. जोर चांगला असूनही पेटत नसेल तर आधी ठिणगी पाडणाऱ्या दोन्ही बॅटरी बदला, मग पाणी आत येतं तिथली जाळी साफ करा. मेकॅनिक त्यानंतर.

पाइप गॅस असेल तर सिलिंडरवरचा गिझर तसाच जोडू नका. दोन्हींचे जेट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारी बारीक छिद्रं, वेगळे असतात.

विजेचाच घ्यायचा ठरला तर 16 अँपिअरचं स्वतंत्र पॉइंट, निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. साडेपाच किलोवॉटचं मॉडेल 24 अँपिअर ओढतं. त्याला साधा प्लग चालत नाही, मीटरपासून वेगळी लाइन आणि 32 अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) लागतो. भाड्याच्या घरात त्या फंदात पडू नये.

बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, त्यामुळे गॅसच्या आणि विजेच्या दोन्ही गिझरची धार हळूहळू बारीक होते. वर्षातून एकदा सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने कॉइल धुऊन घ्या, शक्यतो थंडीच्या आधी.